दर शनिवारी भिजणारं वर्कशॉप

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, मला काम जमतं. चाळीस वर्षं मी रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवली. त्या धंद्यात ज्याला आधी विचार करायची सवय नसते, तो दुसऱ्याच्या अंगणात जाऊन थांबतो. मी एकदाच थांबलो होतो. तेव्हा वर्कशॉप बांधायचं मनात आलं, तसा मी आधी विचार केला आणि मग कागदावर रीतसर चित्र काढलं. सात मीटर लांब, चार मीटर रुंद, भिंतींत भुसा, वर पत्रा आणि कोपऱ्यात लाकडावरची भट्टी. बाहेर उणे तीस असो की उणे चाळीस, आत वीस म्हणजे वीस. ऑक्टोबरात ओली फळी टांगली की मार्चमध्ये ती खडखडीत कोरडी निघाली पाहिजे!

आता अडुसष्टाव्या वर्षी या बाबाला वर्कशॉप कशाला हवं, असं कोणीही विचारेल. तर आर्मासच्या होडीसाठी.

आर्मास माझा थोरला भाऊ. तळ्याच्या पलीकडच्या टोकाला एकटाच राहायचा. इकडच्या टोकाला मी, तोही एकटाच. लग्न करायचं आमच्या घरात फारसं कोणाला सुचलं नाही. एकोणीस वर्षांचा असताना आर्मासनं स्वतःच्या हातानं एक होडी बांधली होती, आणि तशी होडी आमच्या अख्ख्या तळ्यावर दुसरी नव्हती. अकरा वर्षांपूर्वी मी ती मासे धरायला म्हणून मागून नेली. त्याच्या धक्क्याला परत आणून बांधली, पण ओढून वर काढायला हवी होती ती काढली नाही. उद्या काढू म्हटलं. सकाळी उठून बघतो तर तळं गोठलेलं, आणि बर्फानं होडीच्या एका अंगाच्या तीन फळ्या फोडलेल्या.

आर्मास काय म्हणाला? काहीच नाही. होडी शेडमध्ये पालथी घातली आणि माझ्यापुढे कॉफी ठेवली. चार शिव्या हासडल्या असत्या तर मी मोकळा झालो असतो. त्यानंतर दर रविवारी मी कुऱ्हाड घेऊन त्याच्याकडे जायला लागलो. त्याची लाकडं फोडायची, कॉफी प्यायची, हवेबद्दल दोन शब्द बोलायचे आणि परत यायचं. होडीचं नाव त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही.

मग गेल्या सप्टेंबरात डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पोटातली गाठ आम्हाला पडद्यावर दाखवली. "वसंतापर्यंत," त्या म्हणाल्या, "फार तर उन्हाळा." परत येताना घर जवळ आल्यावर आर्मास गाडीत म्हणाला, "तळ्यावरचा बर्फ फुटलेला एकदा बघायला मिळावा." मी मान हलवली. मनात म्हटलं, नुसता बघणार नाहीस, बर्फ फुटेल त्या दिवशी तू आपल्या होडीत बसलेला असशील. फक्त त्याला आधी पत्ता लागू द्यायचा नव्हता. तो 'राहू दे' म्हणाला असता, आणि आर्मासनं एकदा 'राहू दे' म्हटलं की ते काम जन्मात होत नाही.

होडीला लागणारं पाइनचं झाड मी शोधून काढलं. दलदलीच्या कडेला हळूहळू वाढलेलं, एक गाठ नसलेलं. त्याच्या सहा-सहा मीटरच्या तीन फळ्या कापून घेतल्या. आता वाळवायला जागा हवी. भट्टी माझ्याकडे होतीच, आमच्या आईच्या पडक्या सॉनातली, म्हणजे वाफेच्या न्हाणीतली. भट्टीच्या डोक्यावर अजून दगडांचा ढीग होता. खरं तर तो काढून टाकायला हवा होता. पण माझं डोकं सुपीक! म्हटलं, दगड ऊब धरून ठेवतील, रात्री उठून लाकूड सारायला नको. विचार शंभर टक्के बरोबर होता, म्हणून तर पुढचं सगळं झालं.

भिंती एकट्यानं उभ्या राहत नाहीत. मी दुकानात चिठ्ठी लावली, 'शनिवारी भिंती उभारायच्या आहेत. मटाराचं सूप मिळेल. टाउनो.' कशाच्या भिंती, ते लिहिलं नाही. चौदा माणसं आली. त्यांत शेजारची हिल्का, आणि तिच्या मागोमाग तिचा नवरा ओस्मो, सुतारकामातला वाघ आणि बोलण्यातला दगड. हिल्काची नजर भट्टीवर पडली.

"सॉना बांधतोयस?"

आता वर्कशॉप म्हणावं, तर काय बनवणार हा पुढचा प्रश्न ठरलेला. आणि आर्मासची औषधं पोचवायला रोज हिल्काच जायची. संध्याकाळच्या आत त्याच्या कानावर गेलं असतं.

"हं," मी म्हणालो.

मंडळी, त्या एका 'हं'नं माझा घात केला. आमच्या गावात घरोघरी सॉना आहे, पण सगळे विजेवरचे. लाकडावर तापलेल्या दगडांवर पाणी मारून काढलेली जुनी खरी वाफ आईच्या सॉनाबरोबर गेली, त्याला वीस वर्षं झाली. चौदाही माणसं हातातलं काम सोडून त्या दगडांकडे बघत राहिली. मग अशी कामाला लागली की दुपारपर्यंत छपराचा पत्रासुद्धा चढला. संध्याकाळी ओस्मो स्वतःच्या घरून लाकूड घेऊन आला आणि बसायला एक बाक ठोकून गेला. "वरचा बाक राहिला," जाताना तो म्हणाला. त्या दिवसभरातलं त्याचं ते सर्वांत लांब वाक्य होतं.

मी छताखाली फळ्या टांगल्या आणि भट्टी पेटवली. सहा दिवस झकास गेले. ओलावा मोजायचं छोटं यंत्र घेऊन मी रोज फळ्यांपाशी उभा राहायचो. सव्वीस टक्के, पंचवीस, चोवीस. शनिवारी दुपारी दार वाजलं. दारात हिल्का, खांद्यावर टॉवेल, हातात वाफेत अंगावर मारायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी, आणि तिच्यामागे गावातल्या सगळ्या बायका.

"आधी आम्ही, मग पुरुष," ती म्हणाली. "बादली कुठे ठेवतोस?"

शनिवार म्हणजे सॉनाचा वार. त्या दिवशी धुराड्यातून धूर निघतोय आणि घरधनी लोकांना दारातून परत पाठवतोय, असं आमच्याकडे कोणी केलेलं माझ्या तरी ऐकिवात नाही. त्यात भिंती त्यांनीच उभारलेल्या. मी बादली दिली. रविवारी यंत्र लावलं, पुन्हा सव्वीस टक्के.

असं सुरू झालं. सहा दिवस मी वाळवायचं, सातव्या दिवशी गावानं भिजवायचं. एका शनिवारी मी भट्टी मुद्दाम विझवून दुकानात निघून गेलो. परत येतो तो हिल्कानं ती स्वतः पेटवलेली.

"विसरलास तू," ती मायेनं म्हणाली. "आर्मासची काळजी करतोस, म्हणून हल्ली तुझं चित्त थाऱ्यावर नसतं."

मी एक युक्ती काढली. शनिवारी सगळे घरी गेले की दार सताड उघडं टाकायचं, भट्टी लालभडक होईपर्यंत लाकूड सारायचं आणि पुठ्ठ्यानं फळ्यांना वारा घालत बसायचं. अडुसष्ट वर्षांचा माणूस जानेवारीत उघड्या दारात बसून लाकडाला वारा घालतोय! पण आकडा उतरत गेला. फेब्रुवारीच्या शेवटी सोळा टक्क्यांवर आला. आणखी तीन आठवडे मिळाले असते तर बर्फावरून घसरगाडीनं होडी इकडे आणून फळ्या बसवायला घेतल्या असत्या.

मार्चच्या सुरुवातीला आर्मासला तीन दिवस इस्पितळात ठेवावं लागलं. मी त्याच्याजवळ थांबलो. तो खूप वाळला होता. "बर्फ कसा आहे?" असं रोज विचारायचा. मी सांगायचो, "जाड आहे अजून." तो म्हणायचा, "हं."

चौथ्या दिवशी त्याला घरी पोचवलं आणि मी माझ्या वर्कशॉपचं दार उघडलं. छताखाली काही नव्हतं. फळ्या भिंतीजवळ होत्या, सुबक कापलेल्या, रंधा मारलेल्या, गोल कडा केलेल्या आणि खिळ्यांनी पक्क्या ठोकलेल्या. ओस्मो शेजारी उभा राहून हात पुसत होता.

"वरचा बाक राहिला होता," तो म्हणाला. "पाच महिने तुझ्या फळ्या नुसत्या लटकतायत. म्हटलं, भावाच्या आजारपणात याला कुठला वेळ. पाइन बाकाला घेत नाहीत, चिकटतं. पण तुझं लाकूड, तुझी मर्जी."

मी वाकून फळीवर हात टेकवला. त्याला वाटलं, मला बाक फार आवडलाय. त्यानं माझ्या खांद्यावर थोपटलं आणि निघून गेला. मी खालच्या बाकावर बसून राहिलो. नवीन झाड, नवीन फळ्या, त्या वाळायला आणखी पाच महिने. आर्मासकडे पाच महिने नव्हते. माझ्या हातून ती होडी दुसऱ्यांदा मोडली होती, आणि या वेळी मदतीला अख्खं गाव होतं.

त्या शनिवारी हिल्का वरच्या बाकाला चिकटली. पाइनचा चीक तापला की सुटतो. बाहेर आली ती पाठीला हात लावत. "चिकटायला होतं, पण वाफ तुझ्या आईच्या हातची आहे," एवढंच म्हणाली. ही बातमी दुसऱ्या दिवशी औषधांबरोबर आर्मासकडे पोचली. आणि त्याच्या पुढच्या शनिवारी दुपारी माझ्या अंगणात घसरखुर्ची येऊन थांबली. ढकलायला ओस्मो, आणि खुर्चीत घोंगड्यांचं एक गाठोडं. गाठोड्यात आर्मास.

"नर्सबाई नको म्हणत होती," हिल्का म्हणाली. "हा तिला म्हणतो, काय होईल, मरेन?"

मी आणि ओस्मोनं त्याला आत नेऊन बसवलं. उचलताना मला कळलं की त्याच्यात आता वजन म्हणून काही उरलेलं नाही. वरच बसायचं म्हणाला. आम्ही टॉवेल अंथरून त्याला वरच्या बाकावर टेकवलं, मी शेजारी बसलो आणि ओस्मो दार ओढून बाहेर गेला. दगड तडतडत होते. आर्मासनं टॉवेलाची कड सारून फळीवरून तळहात फिरवला. एकदा फिरवला, पुन्हा फिरवला.

"हे बाकाचं लाकूड नाही."

"नाही."

"दलदलीकाठचं पाइन. एक गाठ नाही. हे बाकाला कुठल्या गाढवानं लावलं?"

"ओस्मोनं."

"आणि आणलं कुठल्या गाढवानं?"

"मी."

त्यानं फळीच्या टोकाकडे नजर टाकली. "किती लांब होत्या?"

"सहा मीटर."

"तीन?"

"तीन."

मग मी सगळं सांगून टाकलं. वर्कशॉप, चिठ्ठी, यंत्र, पुठ्ठा, सगळं. उभ्या आयुष्यात त्याच्याशी मी एका बैठकीत एवढं बोललो नव्हतो. शेवटी म्हणालो, "होडी पाण्यात मी ठेवली होती, आर्मास. मला माफ कर." आणि मला रडू आलं. त्यानं मला रडू दिलं.

"टाउनो," तो मग म्हणाला, "त्या होडीचा तळाचा कणा कुजला होता. तू नेलीस त्याच्या आदल्या उन्हाळ्यातच. दाबलं की बोट आत जायचं. वरून डांबर फासलं होतं, म्हणून तुला दिसलं नाही. त्या हिवाळ्यात मी ती फोडून चुलीत घालणार होतो."

"मग अकरा वर्षं बोलला का नाहीस?"

"बोलणारच होतो. पण त्या रविवारी तू कुऱ्हाड घेऊन आलास. म्हटलं, पुढच्या रविवारी सांगू. पुढच्या रविवारीही आलास. त्याच्या आधी किती यायचास?"

मी आठवून बघितलं. नाताळला जायचो. तेही दर नाताळला नाही.

"सांगितलं असतं, तर यायचा बंद झाला असतास," आर्मास म्हणाला.

"आलो असतो," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, मी पाठीवरून हात फिरवला. मग तो म्हणाला, "पाणी टाक." मी टाकलं. दोघं डोळे मिटून बसलो.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तो गेला. गोठलेल्या तळ्यावरून तेव्हा अजून ट्रॅक्टर जात होता. म्हणजे फळ्या वाळल्या असत्या, कणा धड असता, ओस्मोचे हात कोणी बांधून ठेवले असते, तरीही त्या होडीला पाणी मिळणार नव्हतं. बर्फ फुटला मेच्या बारा तारखेला. मी आर्मासच्या धक्क्यावर जाऊन एकटाच बघत बसलो.

त्याला मी 'आलो असतो' म्हणालो, ते इतक्या ठामपणे म्हणालो होतो की तुम्हालाही तसंच सांगून गप्प बसणार होतो. पण आता तो नाही, तर खोटं कोणाच्या समाधानासाठी बोलू? नसतो आलो. आठ किलोमीटरचा रस्ता, आणि मला रविवारी नेहमी काहीतरी काम असायचं.