केळफुलाचं काळीज

माझ्यासाठी पोरगी बघायला चांदनी गावाला गेलो, तेव्हा कोणी मोठं माणूस पाहिजे म्हणून शेजारच्या नानांना सोबत नेलं. ही काही माझ्या आयुष्यातली पहिली चूक नव्हती, पण वजनानं मोठी होती. पोरगी पोहे घेऊन आली. नाना टक लावून तिच्याकडं बघत बसले. ती आत गेल्यावर तिच्या बापाला म्हणाले, "मुलीची कवटी फार सुरेख आहे हो."

बाप उठून उभा राहिला. मी घास मोठे केले. म्हटलं, हाकलायच्या आत पोहे तरी संपवू. पण आतून पोरगी हसल्याचा आवाज आला अन् जमलं. आता ती माझी बायको आहे. म्हणते, "त्या दिवशी माझी तारीफ करणारा एकच माणूस आला होता. तुम्ही नुसते पोहे खाल्ले."

नाना कागदाच्या मिलीतून रिटायर झाले अन् बुऱ्हाणपुरात आमच्या शेजारी येऊन राहिले. एकटेच. नाद एकच, दवाखान्यांचे जुने, हातानं रंगवलेले पत्र्याचे बोर्ड. हाडवैद्य, दातवाले, मूळव्याधवाले. त्यावर सोललेला माणूस असायचा, हसणारी कवटी असायची, कुठं नुसताच एक डोळा लटकलेला. मग फ्लेक्स आले अन् हे बोर्ड शेळ्यांच्या गोठ्यावर गेले. नाना तिथून उतरवून आणायचे, शेळीवाल्याला बदल्यात नवा पत्रा द्यायचे. "वरचं सगळेच बघतात रे रघ्या," म्हणायचे, "आतलं बघ."

बोर्ड आणायला माझी लोडिंग रिक्षा. एरवी मी केळी वाहतो. शाळेचं म्हणाल तर शाळेनं अन् मी एकमेकांना जास्त त्रास दिला नाही. तर एकदा नाना म्हणाले, "इतवाऱ्यात दातवाल्याचा बोर्ड काढून ठेवलाय, घेऊन ये." मी गेलो, दात दिसले, उचलला, निघालो. मागून डॉक्टर धावत आला, "अबे, दुकान चालू है मेरी!" त्याच्यामागं एक पेशंट गाल धरून येत होता. त्याला वाटलं दवाखाना शिफ्ट झाला.

एक बोर्ड कमजोरीच्या इलाजाचा. त्यावर दोन माणसं, एक इलाजाच्या अगोदरचा, एक नंतरचा. नानांनी मला पहिल्याच्या शेजारी उभं केलं अन् लांबून बघितलं. म्हणाले, "त्याची तब्येत बरी आहे."

पण नानांचा खरा जीव एका चितारणाऱ्यावर. त्या माणसानं काळीज कधी बघितलं नसावं, म्हणून छातीत सरळ केळफूल काढायचा, जांभळं, एक पाकळी उघडलेली. आतडी म्हणजे मावा जिलेबी, बघून भूक लागायची. अन् सोललेल्या माणसाचा चेहरा प्रत्येक बोर्डावर तोच, बारीक मिशी, वाकडं नाक. नाव मात्र कुठंच टाकलेलं नाही. नानांनी रंगाची दुकानं विचारली, म्हातारे पेंटर विचारले. कोणालाच पत्ता नाही.

"याचं नाव कळल्याशिवाय मी मरत नाही," नाना म्हणायचे.

"मग शोधूच नका ना," मी म्हटलं. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

शेवटी नानांनी ठरवलं, सगळे बोर्ड एकदम मांडायचे. गाव येईल, कोणीतरी ओळखेल. जागा मी मिळवली. आमच्या सेठचं केळीचं गोदाम अमावस्येला रिकामं असतं. अमावस्या अन् हाडाचे सापळे एकत्र आले म्हटल्यावर काय होणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. डोक्याचं अन् माझं जुनं भांडण. सकाळपासून नुसती गर्दी. कला बघायला कोणी नव्हतं आलं, काहीतरी भूतखेत निघतं म्हणून आले होते. एका बाईनं सापळ्यापुढं नारळ फोडला. मी खोबरं वाटलं.

पण थांबले लोक. पोरांना खांद्यावर घेऊन दाखवत होते. "हे बघ, तुझ्या पोटात अशी जिलेबी आहे." नानांच्या अंगात वारं शिरलं होतं.

गावातला एक डॉक्टरही आला. सोललेल्या माणसापुढं उभा राहून हसायला लागला. "नाना, यार, सब उल्टा है. दिल उजवीकडं, लिव्हर डावीकडं. इसकी तो घड़ी भी उजव्या हातात."

नाना जवळ जाऊन बघायला लागले. इतक्या वर्षांत हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

तेवढ्यात मागून एक म्हातारी काठी टेकत आली. बोर्डाकडं बघून म्हणाली, "हा सुपडू इथं काय करतो?"



"कोण सुपडू, आजी?" नाना बोर्ड सोडून तिच्याकडं आले.

"सुपडू पेंटर. राजघाटाकडं खोली व्हती त्याची. बायको ना पोर. आरशाचा तुकडा टेकवून स्वतःलेच चितारत बसे. आम्ही हसत व्हतो, म्हणे मेला नवरीसारखा आरशापुढं बसते."

डॉक्टरनं टाळी वाजवली. "म्हणून उल्टा!"

नानांनी खडू मागितला. प्रत्येक केळफुलाच्या बोर्डाखाली लिहीत गेले, सुपडू पेंटर, सुपडू पेंटर. लोक मोठ्यानं वाचत होते. मीही त्यांच्यासोबत वाचलं, न बघता. कोणीतरी ढोलवाल्याला बोलावलं. इतकी वाजतगाजत तर माझी स्वतःची वरात नव्हती निघाली.

संध्याकाळी बोर्ड परत नानांच्या घरी उतरवले. सुपडूचा मोठा बोर्ड भिंतीला टेकवून नाना बघत राहिले.

"समोर बसायला कोणी नव्हतं रे त्याला," म्हणाले.

मी रिक्षाची चावी काढली.

"रघ्या, थांब जरा."

"काय उचलायचं राहिलं?"

"काही नाही. बस समोर. चहा ठेवतो."

मी बसलो. नाना बशीत चहा ओतून फुंकत होते. घरून बायकोचा फोन आला, कुठं आहात म्हणून.

"नानांकडं बसलोय."

"आता कशाला?"

नाना चहाकडं बघत होते, पण कान इकडंच होते.

"असाच," मी म्हटलं.

नानांनी माझी बशी ओढली अन् त्यात अजून थोडा चहा ओतला.