सहलीचं नियोजन : टाइम ऑफिस

आमच्या घरात गजराचं घड्याळ नव्हतं, आणि ते नसल्याचा मला अभिमान होता. सगळं रामायण इथूनच सुरू झालं.

मी साखर कारखान्यात टाइम ऑफिसला क्लार्क. कारखाना बारामती आणि इंदापूरच्या मधे कुठंतरी, कॉलनी त्याच्या दारात, आणि कॉलनीचं दैवत म्हणजे भोंगा. पहिल्या भोंग्याला आम्ही उठायचो, दुसऱ्याला डबा उचलायचो, तिसऱ्याला बायका दुपारच्या चहाचं आधण ठेवायच्या. तान्ही पोरंसुद्धा भोंग्यावर रडायची आणि भोंग्यावरच गप्प व्हायची. या भोंग्याच्या वेळा पाळायचं खातं माझं. (वाजवायचा बॉयलरवाला, पण मी 'हं' म्हटल्याशिवाय त्याची हिंमत नव्हती. निदान घरी तरी मी असंच सांगितलं होतं.)

तर शहाण्णव सालच्या एप्रिलात मी मुलांना महाबळेश्वरला न्यायचं ठरवलं. तसं दरवर्षीच ठरवायचो. पण हंगाम संपल्याशिवाय कारखान्याच्या माणसाला रजा नाही, आणि हंगाम संपला की पै-पाहुण्यांची लग्नं सुरू. सगळी रजा मांडवात जायची.

यंदा मात्र माघार नव्हती. आमची योगिनी चौथीत. तिनं वर्गात सांगून ठेवलं, की मी सुट्टीत वेण्णा लेकवर होडीत बसणार. त्यावर चीफ केमिस्ट साहेबांची मुलगी म्हणाली, "तुझे पप्पा तर तुला दरवर्षीच नेतात ना?" आणि सगळा वर्ग हसला. योगिनी घरी याबद्दल एक शब्द बोलली नाही. मला सांगितलं ते धाकट्या मल्हारनं. (आमच्या घरात काही लपत नाही ते त्याच्यामुळं.) त्या दिवशी मला घास गोड लागला नाही. काय वाट्टेल ते होवो, पोरीला होडीत बसवायचंच, असं मी मनाशी पक्कं केलं.

एकदाचा पट्टा पडला, म्हणजे हंगामातला शेवटचा ऊस गव्हाणीत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बारामतीहून महाबळेश्वरची एसटी होती. एकच. रिझर्वेशन माझ्या खिशात. संध्याकाळी आमची मंडळी, म्हणजे मनिषा, दशम्या बांधता बांधता म्हणाली,

"शेजारच्या सुरैय्याभाभींकडं गजराचं घड्याळ हाय. आणू का मागून?"

"कशाला?"

"सकाळी उठाया नको व्हय?"

"टाइम ऑफिसचा माणूस घरात असताना गजर मागायचा? पहिल्या भोंग्याला उठू की. आजवर कधी चुकलाय का भोंगा?"

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला काहीतरी आठवल्यासारखं झालं असावं; पण मी इतक्या रुबाबात बोललो होतो की तिचं आठवणं तिथंच थांबलं.

काय सांगू, अशी झोप मला हंगामात कधी लागली नव्हती. डोळे उघडले तेव्हा ऊन उंबरा ओलांडून दशम्यांच्या गाठोड्यावर येऊन बसलं होतं. भोंगा अजून झाला नव्हता. मी भडकलो. बॉयलरवाल्याला आज मेमोच देतो, असं म्हणत, चपला अडकवून तडक कारखान्याच्या गेटवर गेलो. गेटच्या फळ्यावर खडूनं वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'हंगाम समाप्त. बॉयलर थंड केल्यामुळे उद्यापासून भोंगा होणार नाही. हुकमावरून, टाइम ऑफिस.'

अक्षर ओळखीचं होतं. त्या अक्षराबद्दल साहेबांनी आदल्याच दिवशी माझं कौतुक केलं होतं.

मी घरी आलो तोवर एसटी फलटणच्याही पुढं गेली असणार. योगिनी नवा फ्रॉक घालून, वेण्यांना रिबिनी लावून पायरीवर बसली होती. रडत नव्हती. रडणाऱ्या पोराला गोळी-बिस्कीट देता येतं. न रडणाऱ्या पोरीला काय द्यायचं ते मला कळेना. मला माझीच शरम वाटली.

"गाड्या बदलत जाऊ," मी म्हणालो. "फलटण, सातारा, मेढा. रात्रीपर्यंत पोचू. खोली आजचीच हाय."

"आन् उद्या सकाळी माघारी," मनिषा म्हणाली. "म्हंजे अंधार बघाया महाबळेश्वरला जायाचं."

इतक्यात शेजारच्या दारात टेम्पो थांबला. सुरैय्याभाभींचे मालक अमजदभाई रोज बारामतीतून बर्फाच्या लाद्या भरून भिगवणच्या मासळी बाजाराला पोचवायचे. वाटेत घरी डबा घ्यायला थांबले होते. त्यांनी माझं तोंड बघितलं, कारण विचारलं, आणि पाठ फिरवून हसले. (समोर हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.)

"सोपानराव, पोरीला होडीतच बसायचं हाय न्हवं? मग भिगवणला काय पाण्याला तोटा हाय? उजनी धरणाचं पाणी पार आभाळाला टेकलंय. भिमा कोळी आपला दोस्त हाय. चला, बसा गाडीत."

"पण ते थंड हवेचं ठिकाण हाय का?" मल्हारनं विचारलं.

"तू मागं बस, कळंल."

मनिषा पुढं केबिनमध्ये बसली. मी आणि पोरं मागं, भुशात झाकलेल्या लाद्यांवर पोती टाकून. मैलभरात तिघांचे दात वाजायला लागले. मग बॅग उघडली. एप्रिलच्या उन्हात डांबर पाघळतंय, आणि आम्ही स्वेटर, मफलर, मल्हारची माकडटोपी अशा थाटात चाललोय. भिगवणच्या अलीकडं एका फाट्यावर एका आबांनी आमच्याकडं बघून डोक्यावरचं पागोटं काढलं आणि पुन्हा नीट बांधलं. योगिनीच्या तोंडावर दिवसातलं पहिलं हसू मला तिथं दिसलं.

भिमानं आम्हाला होडीत घेतलं. "हलू नका, आन् आवाज करू नका," एवढंच म्हणाला. काठ मागं पडला, तसं पाणीच पाणी झालं. समुद्र मी पाहिलेला नाही. पण यापेक्षा मोठा असला तर तो उगाचच मोठा असणार.

"हितं खाली आमचं जुनं गाव हाय," वल्हं मारता मारता भिमा म्हणाला. "आमची आय ज्या आडावर पाणी भरायची, त्यो आडबी खालीच हाय."

पाण्याखाली आड. मल्हार वाकून बघायला लागला. मीही वाकलो.

मग पलीकडच्या उथळ पाण्यात मला गुलाबी लुगडी वाळत घातलेली दिसली. लांबच्या लांब. एका गावात इतकी लुगडी कुठली, असा विचार करतोय तोवर ती चालायला लागली.

"रोहित पाखरं," भिमा हळूच म्हणाला. "थंडीत येत्यात. आता माघारी जायाचे दिस आले त्येंचे."

शेकडो पक्षी. काटकुळे पाय, पाण्यात उलट्या घातलेल्या माना, आणि सगळे एका चालीनं पुढं सरकत होते. आम्ही श्वास धरून बसलो. आणि नेमकी तेव्हा मला शिंक आली. (बर्फावर बसून आलेल्या माणसाला दुसरं काय येणार?) नाक दाबलं, तोंडात मफलर कोंबला, देवाचं नाव घेतलं. कारखान्याचा भोंगा बंद होता, माझा झाला.

सगळा थवा उठला. मी डोळेच मिटले. एसटी घालवली, आता पाखरंही घालवली. पण बाकी कुणी हूं की चूं करेना, म्हणून डोळे उघडले, आणि बघतो तर आभाळ पेटलेलं. बसलेली असताना फिकी वाटणारी ती पाखरं पंखांच्या आत एवढा लाल रंग घेऊन बसली होती. आमच्या डोक्यावरून गेली तेव्हा पंखांचा आवाज छातीत घुमला. तोवर मी आयुष्यात साखरेच्या थप्पीपेक्षा मोठं काही पाहिलेलं नव्हतं. माझे हात आपोआप जोडले गेले. घरापासून इतक्या जवळ, हंगाम सुरू झाला की हे येत होते आणि हंगाम संपला की जात होते, आणि आम्ही आपले भोंगा ऐकत बसलो होतो.

योगिनीनं वर बघता बघताच माझा हात धरला. "पप्पा, महाबळेश्वरला हे असतं?"

"न्हाय गं," मी म्हणालो. दिवसभरात माझं बरोबर आलेलं हे पहिलं उत्तर.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा वर्ग हसला नाही. गोष्ट कॉलनीभर झाली. पुढच्या हंगामाचा पट्टा पडायच्या आधीच चीफ केमिस्ट साहेब स्वतः आमच्या घरी आले. मी खुर्ची पुसून दिली.

"सोपानराव, मुलगी ऐकत नाही हो. वर्षभर एकच लावलंय तिनं. ती तुमची पक्ष्यांची ट्रिप, तिचं प्लॅनिंग कसं केलंत, ते जरा सांगा."

साहेब आपल्याला विचारतात म्हटल्यावर मी बसता बसता ताठ झालो. घसा खाकरला. "त्याचं असं आहे साहेब, नियोजन म्हणजे..."

मनिषा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली.

"काय अवघड न्हाय, साहेब," ती म्हणाली. "सकाळी उठवायचं काम ह्यांच्याकडं द्यायचं."