बिरदेव ‘येतो’ म्हणाला

आधीच हात जोडून सांगतो, शुद्धलेखनाच्या चुका होतील. शाळा आठवीत सुटली, तेव्हा ऱ्हस्व आणि दीर्घ यांचं भांडण चालू होतं; पुढं निकाल काय लागला ते मला कळलं नाही. म्हणून तर मी पाट्या रंगवत नाही, नुसत्या भिंती रंगवतो. भिंतीला काना-मात्रा नसतात. शब्दही साधेच आहेत, गोड मानून घ्या. आणखी एक. ‘मी’ असं लिहिलं की समोर कोणीतरी बसून बघतंय असं वाटतं आणि घाम फुटतो. म्हणून ‘बिरदेव’ असं लिहितो. हा बिरदेव कोण, ते कृपा करून विचारू नका.

तर बिरदेव. गाव आटपाडीच्या पलीकडं, मुक्काम आष्ट्यात, बादशहाचाचांच्या हाताखाली रंगकाम. रंगाच्या बादलीत एक टोकन निघतं, ते फोनवर स्कॅन केलं की कंपनीच्या बक्षिसासाठी गुण जमतात. चाचांचा फोन बटणांचा. “तुज्याच फोनवर कर रं,” असं चाचा एके दिवशी म्हणाले आणि बिरदेवनं केलं. गुन्हा एवढाच. तीन वर्षांनी कंपनीचा मेसेज आला: अभिनंदन, बँकॉक, चार दिवस, एक व्यक्ती.

“चाचा, तुमी जावा,” बिरदेव म्हणाला. “बादल्या तुमच्या.”

“मी मस्कत बघितलंय. फॉरेन समदं सारखंच आसतंय, गड्या. भिंती.”

(चाचा दोन वर्षं मस्कतला होते. सकाळी भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे ते संध्याकाळी वळायचे.)

खरी अडचण बँकॉकची नव्हती, आकारामतात्यांची होती. तात्यांची मुलगी सृष्टी. बघण्याचा कार्यक्रम दिवाळीनंतर झाला होता. बिरदेव पाऊण तास पोह्यांच्या बशीकडं बघत बसला आणि दोनदा “हं” म्हणाला. त्यातला एक “हं” चुकीच्या ठिकाणी पडला. तरी सृष्टीनं घरात सांगितलं म्हणे, “चालंल. निदान दुसऱ्याचं ऐकून तरी घेतोय.” तात्यांचं मात्र ठरत नव्हतं. तेवढ्यात कोणीतरी त्यांच्या कानावर बँकॉक घातलं.

तात्या थेट कामावर आले. बिरदेव शिडीवर होता.

“बँकॉक?” तात्यांनी खालून विचारलं.

“व्हय.”

“एकटा?”

“एकच तिकीट हाय.”

“लोकं तिकडं कशापायी जात्यात, ठावं हाय का तुला?”

बिरदेवनं मनापासून विचार केला. “टोकनामुळं,” तो म्हणाला.

तात्या बराच वेळ वर बघत राहिले. माणूस बनेल आहे की भोळा, हे त्यांना खालून दिसेना.

“हे बघ,” ते शेवटी म्हणाले. “मुक्या माणसाला म्या पोरगी दिली आसती. फॉरेनला जाणाऱ्याला बी दिली आसती. पर मुकं आन् वर फॉरेनला जाणारं, दोन्ही एकदम नगं. पयल्या दिवशी सांजच्याला सहा वाजता व्हिडिओ लाव. सकाळपास्नं कुठं गेलास, कुणाशी बोललास, समदं सोताच्या त्वांडानं सांग. पटलं तर सुपारी फोडू. न्हाई पटलं तर तिकडंच ऱ्हा.”

बिरदेवला सृष्टी आवडली होती. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं, सृष्टीला तर मुळीच नाही. सांगायला तोंड उघडावं लागतं.

आठ दिवस चाचांनी इंग्रजी शिकवली. चार वाक्यं. नो मीट. हाऊ मच. थँक्यू. चौथ्यापाशी गाडी अडली.

“निघताना काय म्हणायचं, चाचा?”

“निघताना तू काय म्हणतोस?”

“येतो.”

“मग झालं की. आय अ‍ॅम कमिंग.”

आता आपल्याकडं ‘जातो’ म्हणत नाहीत, हे काय सांगायला हवं? बिरदेवनं सातव्या वर्षी एकदा दारातून “आई, जातो” म्हटलं होतं. हरणाबाईंनी परत बोलावून पाठीत एक घातली, दूध-भाकरी खायला घातली आणि “येतो” म्हणवून घेऊन मगच सोडलं. जाणारा माणूस ‘जातो’ म्हणाला की परत येत नाही. निघायच्या दिवशीही आईचं शेवटचं बोलणं तेच: “इमानात बसलास तरी जातो म्हनू नगंस.”

आष्टा ते मुंबई एसटी, मग विमान. सगळी रात्र बिरदेव ताठ बसून होता. (खुर्ची मागं होते, हे त्याला उतरताना शेजाऱ्याची बघून कळलं.) डोळ्यांत वाळू, पायांत शिसं, गळ्यात चाचांनी लॅमिनेट करून अडकवलेलं हॉटेलच्या पत्त्याचं कार्ड. शाळेच्या सहलीत लहान पोरांच्या गळ्यात असतं, तसं.

विमानतळावर काचेमागच्या साहेबानं पासपोर्टवर शिक्का मारला. बिरदेवनं पासपोर्ट घेतला, नम्रपणे म्हणाला, “आय अ‍ॅम कमिंग,” आणि चालू लागला. साहेबाला वाटलं, याचं काहीतरी राहिलंय, हा परत येणार. त्यानं मागचा माणूस थांबवून ठेवला आणि बिरदेवला हातानं बोलावलं, “कम.” बिरदेव परत गेला. साहेबानं पासपोर्ट पुन्हा पाहिला, सगळं ठीक होतं, परत दिला. निघताना न सांगता कसं निघायचं? “आय अ‍ॅम कमिंग.” असं तीनदा झालं. चौथ्या वेळी साहेबानं तोंड फिरवलं. रांगेत मागं उभ्या असलेल्या लोकांनी बिरदेवकडं पाहून काय म्हटलं, ते परक्या भाषांत होतं, हे एक बरं झालं.

हॉटेलात काउंटरवर एक मुलगी होती. तिनं खोलीची किल्ली दिली, दारातल्या गाडीकडं बोट दाखवलं, घड्याळात अकरा दाखवले आणि भिंतीवरचं देवळाचं चित्र दाखवलं. अकराला सगळ्यांना देऊळ बघायला नेणार, असं एकूण. बिरदेवच्या मनात वेगळंच होतं. आधी एकट्यानं रस्त्यावर हिंडून यायचं, म्हणजे तात्यांना सांगायला काहीतरी होईल. त्यानं बॅग खोलीत टाकली, खाली आला, मान डोलावली आणि “आय अ‍ॅम कमिंग” म्हणून गाडीच्या शेजारून सरळ निघून गेला.

कोपऱ्यावर एक मावशी शहाळी विकत होती. हातात कोयता, शेजारी शेगडी, त्यावर कढई. ऊन असं की विट्याचं ऊन सावली वाटावं. शहाळं पिऊन झाल्यावर मावशीनं कढईतला भात दाखवला. बिरदेवनं “नो मीट” म्हटलं. मावशीनं अंडं, भाजी असं हातानं समजावलं आणि त्याच्यासाठी म्हणून ताजा भात टाकायला घेतला. बिरदेवला भूक नव्हती, झोप होती. त्यानं हात जोडले, “थँक्यू. आय अ‍ॅम कमिंग,” आणि निघाला. मावशी हसून मान हलवत राहिली. केवढी प्रेमळ माणसं, असं त्याला वाटलं.

मग रिक्षा. रिक्षावाला म्हातारा, बोलका. गळ्यातलं कार्ड वाचून त्यानं दोनदा “गुड होटेल” म्हटलं. नदीवर सोडलं. बिरदेवनं त्याला पण तेच सांगितलं. म्हाताऱ्यानं अंगठा दाखवला आणि रिक्षा झाडाखाली लावली.

नदी मोठी होती. पायऱ्या होत्या, लोक माशांना पाव टाकत होते. बिरदेवला वाईचा घाट आठवला. तिथंही तो एकदा कामाला गेला असता असाच पायरीवर टेकला आणि झोपला होता. इथंही टेकला. जाग आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तो पायऱ्यांच्या दुसऱ्या टोकानं वर आला आणि रस्ता चुकला. कार्ड दाखवून कोणाला तरी विचारायचं, एवढं सोपं होतं. पण विचारायचं म्हणजे बोलायचं. तो आधी विचारण्यासारखा चेहरा शोधत तास-दीड तास चालला, मग एका पोलिसानंच गळ्यातलं कार्ड वाचून त्याला हाताला धरून वळवलं. हॉटेलवर पोचला तेव्हा चपलेचा अंगठा तुटला होता आणि साडेसात वाजले होते. म्हणजे आष्ट्यात सहा.

खोलीपर्यंत जायला त्राण नव्हतं. तो खालच्या सोफ्यावरच बसला आणि फोन लावला. पडद्यावर तात्या आले, मागं चाचा, त्यांच्या मागं हरणाबाई, आणि अगदी कडेला ओढणीचा एक कोपरा. तो कोपरा सृष्टीचा असणार, असं समजून बिरदेव त्या कोपऱ्याकडं बघून बोलू लागला.

“सकाळी उतरलो,” तो म्हणाला. “मग...”

“दिसला रं दिसला!” हरणाबाई म्हणाल्या.

“गप ऱ्हावा, वैनी. त्येला बोलू द्या. हं, मग?”

मग काउंटरवरची मुलगी आली. “मिस्टर! यू से कमिंग! एट पीपल वेट! वन अवर!”

तिच्या मागून दार ढकलून शहाळ्याची मावशी आली. एका हातात पानात बांधलेला भात, दुसऱ्या हातात, सवयीनं, कोयता. बिरदेवला बघताच तिचा आवाज चढला. “यू से कमिंग! आय वेट! आय वेट, वेट!”

आणि तिच्याही मागून रिक्षावाला म्हातारा. त्याचे कपडे गुडघ्यापर्यंत भिजलेले. त्यानं बिरदेवला पाहिलं, जमिनीवरच बैठक मारली आणि कपाळाला हात लावून रडायला लागला. दुपारभर त्यानं झाडाखाली वाट बघितली होती, मग घाटभर बिरदेवला शोधलं होतं. पाण्यात उतरून शोधलं होतं.

तात्यांनी फोन डोळ्यांजवळ ओढला.

“बिरदेव,” तात्या हळू आवाजात म्हणाले, “ती पोरगी कोण?”

“हाटेलातली.”

“तू तिला काय म्हणाला हुतास?”

“येतो म्हणालो हुतो.”

“आन् ती कोयतेवाली?”

“तिला बी येतो म्हणालो.”

“आन् त्यो म्हातारा का रडतूया?”

“त्येला बी...”

“एका दिवसात तिघांला?” तात्यांचा आवाज फाटला. “आन् गेला न्हाईस?”

“कसा जाणार? निघालो हुतो की मी! निघताना म्हणत्यात त्यो ‘येतो’!” बिरदेवनं आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. “आईनं सांगितलंय, जातो म्हणायचं न्हाई. चाचांनी इंग्रजी सांगितली. आय अ‍ॅम कमिंग. सकाळपास्नं समद्यांना त्येच सांगतोय. सायबाला तीनदा सांगितलं. पाय मोडलं माझं, तात्या, लय दमलोय. मी कुणाला फसवलं न्हाई. मला कुणी येतो न म्हणता निघायला शिकवलंच न्हाई.”

एवढं बोलून त्याला धाप लागली. मावशीनं कोयता खाली ठेवला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

पडद्यात आधी चाचा गायब झाले. मग ओढणीचा कोपरा हलायला लागला, हलता हलता अख्खी सृष्टी पडद्यात आली, तोंडावर हात धरून. हसू आवरत ती वडलांना म्हणाली, “आप्पा, बास की आता. माणूस शब्दाला पक्का नसंल, पर वळणाचा हाय.”

तात्या मिशीवरून हात फिरवत राहिले. त्यांनाही हसू यायला लागलं होतं, पण मुलीकडच्या माणसानं लगेच हसायचं नसतं.

“बोलता येतंय की रं तुला,” ते म्हणाले. “सुपारी फोडू. पर ऐक. मुलूख तसं वळण. तिकडं हायस तवर निघताना जातो म्हण. चौघं आणखी रडवू नगंस.”

“व्हय.”

“मला शब्द दे.”

“दिला.”

त्यानंतर बिरदेवनं म्हाताऱ्याच्या पायाला हात लावला, सगळ्यांनी मिळून पानातला भात खाल्ला आणि तो बारा तास झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यानं अंघोळ केली, भांग पाडला आणि आरशासमोर सराव केला. होणाऱ्या सासऱ्याला दिलेला पहिला शब्द होता. काउंटरसमोर उभं राहून, मुलीच्या डोळ्यांत बघून, ठणठणीत आवाजात तो म्हणाला, “आय अ‍ॅम गोइंग.”

मुलगी चपापली. “गोइंग? फिनिश?”

काल आठ माणसं थांबली होती. आज कोणी थांबायला नको.

“फिनिश,” बिरदेव म्हणाला, किल्ली तिच्यासमोर ठेवली आणि रुबाबात बाहेर पडला.

नवी चप्पल घेऊन तासाभरानं तो परत आला, तेव्हा त्याची खोली एका जर्मन जोडप्याला देऊन झाली होती आणि बॅग दाराबाहेर, पायरीवर होती. इतक्यात तात्यांचा फोन आला.

“काय रं, जमलं का म्हणायला?”

“लय चांगलं जमलं,” बिरदेव बॅगेवर टेकत म्हणाला. “एकदाच म्हणालो, लगेच समजलं त्येंना.”