सरूआजींच्या मांडीवर वीस मिनिटं

तोल सांभाळावा तर आम्ही निगडीच्या पोरींनी! कॉलेजची तीन वर्षं मी निगडी-भोसरी बसमध्ये एका हातात दांडी आणि दुसऱ्या हातात वडापाव धरून उभ्याने काढली आहेत. चटणीचा ठिपकासुद्धा कधी कुणाच्या शर्टावर पडला नाही! त्यामुळे एअर होस्टेसच्या ट्रेनिंगला आमच्या बाई घसा फोडून सांगायच्या, "विमान हादरायला लागलं की जिथे असाल तिथे बसा, शूरपणा नको," तेव्हा मी मनात म्हणायची, हे बाकीच्यांसाठी असणार.

चार वर्षं तसंच वाटत राहिलं. मग गेल्या फेब्रुवारीत वाराणसीहून पुण्याला येताना विमानात म्हाळुंग्याची मंडळी भेटली.

चाकणजवळच्या म्हाळुंग्याची बावीस माणसं काशी करून परत निघाली होती. विमानाच्या खिडक्या उघडत असत्या, तर त्यांनी खालूनच रुमाल टाकून जागा धरल्या असत्या! सतराव्या रांगेत, अगदी वाटेच्या कडेला सरूबाई बसल्या होत्या. सत्तरीच्या, नऊवारी नेसलेल्या, मनगटं माझ्या पोटरीएवढी. शेजारी त्यांचे धाकटे दीर सोनबा.

विमान वर गेल्यापासून सरूआजींना एकच काळजी.

"पोरी, मगाधरनं उभीच हाईस. बस की जरा!"

"आजी, माझं कामच आहे ते."

"सोनबा, सरक तिकडं. पोरीला जागा कर."

सोनबा सरकले. पट्टा बांधलेला असल्यामुळे फक्त पोट सरकलं.

"नको हो आजी. तुम्ही मात्र पट्टा सोडू नका. आणि वरचा तो दिवा पेटला, की तर जागचं हलायचंच नाही."

"मी कशाला सोडती? सुटला तर परत लावायचा कुणी?"

मी हसले आणि चहाची ट्रॉली पुढे ढकलली. माझ्या जोडीची निशिगंधा कप आणायला मागे गेली होती. बाहेर लख्ख ऊन, ढगाचं नाव नाही. आणि अचानक विमान थरथरलं. पट्ट्याचा दिवा टिंग करून पेटला. कॅप्टनचा आवाज आला, "सर्व क्रूने बसून घ्यावं!"

आता खरं म्हणजे ट्रॉलीचा ब्रेक दाबायचा आणि मिळेल त्या जागेवर बसायचं. जागा नसेल तर खाली फतकल मारायची. नियम एवढा सोपा आहे. मी गरम पाण्याची किटली खणात ठेवून झाकण लावलं, इथपर्यंत बरोबर. पण ट्रॉली वाटेत सोडणं मला कमीपणाचं वाटलं. ट्रॉली ठेवायचा मागचा कोपरा दहा रांगांवर तर होता! भोसरीच्या पुलावर याहून जास्त हादरतं, असं म्हणत मी ब्रेक सोडला आणि मागे निघाले.

दोन पावलं गेले असेन. विमान खाली पडलं आणि मी वरच राहिले!

दोन्ही पाय जमिनीवरून सुटले. सामानाचे कप्पे डोळ्यांसमोर आले. शंभर प्रवाशांची किंकाळी ऐकू आली, त्यातली एक माझी होती. डोकं आपटणार एवढ्यात कुणीतरी कमरेला धरून मला असं खाली ओढलं, की थेट मांडीवर! सरूआजींनी दोन्ही हातांची मिठी घातली.

"सोनबा, ती गाडी धर! गाडी पळाली!"

सोनबांनी आमच्यावरून हात लांबवून ट्रॉलीची एक कड धरली. पलीकडून चष्मेवाल्या एका काकांनी दुसरी.

"वढा मागं! ब्रेक कुठाय हिचा?"

"खाली लाल पट्टी! पायाने दाबा!" मी मांडीवरून ओरडले. काकांनी ती इतक्या जोरात दाबली, की ट्रॉली गावच्या वेशीसारखी स्थिर झाली.

विमान अजून आपटत होतं. माझ्या घोट्यातून कळ येत होती. सरूआजींनी माझं डोकं खांद्याशी दाबून धरलं.

"भिऊ नगं. मी हाय."

चार वर्षं हेच वाक्य मी लोकांना सांगत आले होते. मला कुणी म्हणेल, असं कधी वाटलं नव्हतं. मी त्यांचा पदर घट्ट धरून बसले.

पाचेक मिनिटांनी सगळं शांत झालं. मी उठायला गेले. मिठी सुटेना!

"आजी, सोडा. थांबलं सगळं."

"दिवा हाय अजून. दिवा असला की हलायचं न्हाई. तूच म्हणालीस."

"ते प्रवाशांना!"

"मंग तू कोण, पाखरू हाईस?"

तेवढ्यात पुढच्या दाराशी बसलेल्या आमच्या सीनिअर जयमाला मॅम फोनवरून एकेकीची खबर घेऊ लागल्या. निशिगंधा मागच्या खुर्चीवर पट्टा बांधून सुखरूप होती. "करिष्मा कुठे आहे?" यावर तिने खरं तेच सांगितलं, "दिसत नाही!"

झालं! मी कुठेतरी आपटून पडले असणार, असं धरून "विमानात कुणी डॉक्टर आहेत का?" अशी घोषणा झाली. पलीकडचे चष्मेवाले काका हात वर करून म्हणाले, "मी हाय. नानासाहेब. गुरांचा, पण हाडं सगळ्यांची सारखीच."

आणि बसल्या जागेवरून हात लांब करून त्यांनी माझा घोटा चाचपला.

"मोडलेला न्हाई. लचकलाय. सकाळपासनं खाल्लंय का हिनं काही?"

"उपमा खाल्ला," मी म्हणाले.

"मंग काळजी न्हाई. खातंय तोवर जनावर ठणठणीत."

कॅप्टनने दिवा विझवला तो आणखी पंधरा मिनिटांनी. तेव्हा जयमाला मॅम धावत आल्या. त्यांनी पाहिलं ते असं: त्यांची चार वर्षांच्या अनुभवाची होस्टेस म्हातारीच्या मांडीवर बसलेली, हातात राजगिऱ्याची वडी. (आजींनी दिली, नाही म्हणता येईना.)

पुण्यात उतरल्यावर मला व्हीलचेअरवर बसवलं. मागून बावीस जण, कुणी माझी बॅग घेतलेली, कुणी बूट. सोनबा वाट मोकळी करत होते, "सरका! आमची पोरगी हाय!"

घोटा आठ दिवसांत बरा झाला. मी मुकाट्याने अपघाताचा फॉर्म भरायला घेतला. ब्रेक आपणच सोडला, हे स्वच्छ लिहिलं. त्याबद्दल बोलणी खाल्ली, ती सांगत नाही. फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न होता: कर्मचारी त्या वेळी कशामुळे सुरक्षित राहिला? क्रूची खुर्ची, प्रवासी सीट, की इतर? मी 'इतर'वर खूण केली आणि प्रामाणिकपणे पुढे लिहिलं, 'सरूबाई'.

सोमवारी मुख्य ऑफिसची मेल आली.

"सदर सरूबाई हे उपकरण आपल्या मंजूर यादीत नाही. यापुढे वापरू नये."

मी "समजले" एवढंच लिहून पाठवलं.