ओझं जाणवतच नाही

हार्लन ट्वेटने एक छोटासाच निर्णय घेतला होता. यंदा ट्रक घ्यायचा तो ऐकीव माहितीवर नाही, रीतसर तुलना करून. मोंटानातल्या त्या खोऱ्यात आजवर कुणी असला उद्योग केला नव्हता. तिथे बाप ज्या कंपनीची गाडी चालवायचा तीच मुलगा चालवतो, आणि दुसऱ्या कंपनीवाल्यांच्या घरात मुलगी द्यायला जरा कुरकुरतो.

जुन्या ट्रकने मे महिन्यात गवताच्या गठ्ठ्यांखाली मान टाकली होती. आता अंगणात दोन उमेदवार होते. एक, शहरातल्या विक्रेत्याने चार दिवस वापरून बघायला दिलेला पांढरा डिझेल ट्रक. मागे जोडीजोडीने चार चाकं, आणि सुरू केला की डोंगराला ढेकर आल्यासारखा आवाज. दुसरा, विल्मामावशीचा वीस वर्षांचा तपकिरी पेट्रोल ट्रक. विल्मा ही हार्लनच्या बायकोची, मार्लिसची, सख्खी मावशी. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला उंच पायरी चढवेना, म्हणून ट्रक, मेंढ्यांच्या ट्रेलरसकट, विकायला काढलेला.

हार्लनने तुलनेसाठी एक वही केली. ओढण्याची ताकद, पाठीवर पेलण्याची ताकद, चढावरचा वेग, ब्रेक, असे रकाने आखले. ('रुबाब' असाही एक रकाना होता. तो पेन्सिलीने आखला होता, म्हणजे मार्लिस जवळ आली की खोडता येईल.)

पण मार्लिसचं लक्ष वहीकडे नव्हतंच. तिचं लक्ष डीकनवर होतं. मार्लिस दूर पूर्वेकडे शेतीशास्त्र शिकून, तिथली नोकरी नाकारून परत आली होती. विकतचा खुराक न घालता, या खोऱ्याच्या गवतावरच पोसली जाईल अशी काटक, ठेंगणी गुरं पाळायची, म्हणजे लोकांना खोरं सोडून जावं लागणार नाही, असं तिचं म्हणणं. चार वर्षं खपून तिने डीकन हा वळू तयार केला. शेजारचा कार्ल नीगार्ड त्याला बघून म्हणाला होता, "मार्लिस, छान आहे. मोठा कधी होणार?" शनिवारी जत्रेत गुरांचं प्रदर्शन होतं. बाराच्या आत वजन झालं तरच वळू रिंगणात. नाहीतर आणखी एक वर्ष कार्लचे विनोद ऐका.

हार्लनने वळू घेऊन पुढे जायचं आणि मार्लिसने मावशीला स्टूल लावून तपकिरी ट्रकमध्ये बसवून नंतर यायचं, असं ठरलं होतं. शनिवारी सकाळी मार्लिस स्वयंपाकघरातून ओरडली, "हार्लन, डीकनला चढवलंस का?"

"केव्हाच!"

आणि ते खरं होतं. डीकन ट्रेलरमध्ये होता, ट्रेलर पांढऱ्या ट्रकला जोडलेला होता. ट्रेलरचा दांडा ट्रकवर किती भार टाकतो, तेही हार्लनने छोट्या काट्यावर मोजून 'भरलेला' या रकान्यात लिहिलं होतं. पण शेजारचा 'रिकामा' हा रकाना कोराच होता. हार्लनला कोरा रकाना बघवत नाही. (मागे एकदा त्याने दवाखान्याच्या अर्जात 'गरोदर आहात का?' यापुढेही 'अजून नाही' असं लिहिलं होतं.) त्याने डीकनला खाली उतरवून कुंपणात सोडलं, काटा लावला, आकडा लिहिला, दोन्ही आकड्यांकडे कौतुकाने बघितलं, ट्रेलरचं दार लावलं, खिटी सरकवली, साखळी अडकवली (या बाबतीत तो फार काटेकोर) आणि निघाला.

चाळीस मैलांचा रस्ता. मधला लांब चढ पांढरा ट्रक असा चढला की हार्लनचा ऊर भरून आला. माथ्यावर थांबून त्याने वहीत लिहिलं, 'ओझं जाणवतच नाही', आणि खाली दोन रेघा मारल्या.

त्या भागात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं, झाला रामराम. जास्त बोटं उचलणं उधळेपणाचं समजतात. पण आज कार्लने मागून येऊन गाडी पुढे काढताना ट्रेलरच्या फटींतून आत बघितलं आणि खिडकीतून अख्खा हात बाहेर काढून हलवला. 'ट्रक आवडलेला दिसतोय,' हार्लन मनात म्हणाला, आणि 'रुबाब'चा रकाना शाईने आखायचं त्याने ठरवलं.

सव्वाअकराला तो जत्रेत पोचला. वजनकाट्यापाशी ऑर्डिस लुंड छत्रीखाली बसली होती. तीस वर्षं काटा तिच्याकडेच होता.

"काय आणलंस?"

"वळू."

"हो? मग हंबरत का नाही?"

"गाडीच अशी आहे, ऑर्डिस. धक्का म्हणून बसत नाही. झोपला असेल."

त्याने साखळी काढली, खिटी सरकवली, दार उघडलं. ऑर्डिसने आत डोकावून बघितलं.

"शेण आलंय," ती म्हणाली. "बाकीचा मागाहून येतोय का?"

हार्लनने घरी फोन लावला. वाजला, वाजला, कुणी उचलला नाही. जाऊन यायला दोन तास, आणि हातात पाऊण. तो ट्रेलरच्या कडेवर बसला. चार वर्षं थंडीत, बर्फात रात्री-अपरात्री उठून वासरं बघणारी मार्लिस त्याच्या डोळ्यांपुढे आली, आणि वहीतला एकही आकडा त्याच्या मदतीला येईना.

बाराला आठ मिनिटं असताना फाटकातून तपकिरी ट्रक धापा टाकत आत आला. मागे मावशीचा मेंढ्यांचा ट्रेलर, आणि त्यात, छप्पर जेमतेम चुकवत, डीकन. जरा उंच असता तर मावलाच नसता.

मार्लिस उतरली आणि वळूला थेट काट्याकडे घेऊन गेली. बोलली ती मावशी.

"आम्ही निघायला बाहेर आलो, तर हा कुंपणावर हनुवटी टेकवून उभा. मला वाटलं, मला निरोप द्यायला आलाय. हार्लन, बाळा, तू नेलंस तरी काय?"

"भार मोजत होतो, मावशी."

"मग आला का मोजून?"

डीकनला दुसरा नंबर मिळाला. पण खरी गोष्ट त्यानंतर घडली. पंचांनी माइकवर सांगितलं की हा वळू नुसत्या गवतावर वाढलाय, आणि रिंगणाभोवतीची सगळी डोकी डीकनकडे वळली. संध्याकाळपर्यंत पाच घरांनी त्याची वासरं सांगून ठेवली. पाचवा कार्ल होता. "ठेंगणंच दे," तो जमिनीकडे बघत म्हणाला. मार्लिस तेव्हा दिवसात पहिल्यांदा हसली, आणि ते हसू हार्लनपर्यंत पोचलं.

धीर करून त्याने वही उघडली. "मावशीचा ट्रक चढावर कसा वाटला?"

"जड. ओझं चांगलंच जाणवत होतं," मार्लिस म्हणाली. "म्हणून तर मागे कुणीतरी आहे हे कळत होतं. हाच घ्यायचा."

सोमवारी हार्लन पांढरा ट्रक परत करायला निघाला. चाळीस मैलांत अकरा गाड्या समोरून आल्या. अकराही जणांनी रिवाजाप्रमाणे एकेक बोट उचललं, पण ते रामरामासाठी नव्हतं. ते त्याच्या पाठीमागे रोखून 'मागे बघ' म्हणून खुणावायला होतं; शनिवारची गोष्ट खोरंभर झाली होती. आणि अकराही वेळा हार्लनने घाबरून ब्रेक दाबला, आरशात पुन्हा पुन्हा बघितलं.

त्या दिवशी ट्रेलर जोडलेलाच नव्हता.