घरचे, पाहुणे आणि जावयाचा लॅपटॉप

पाहुण्यांच्या कॉम्प्युटरमुळे घरच्या वायफायला धोका संभवतो, ही बाब विठ्ठलरावांच्या निदर्शनास आली ती सोसायटीच्या हॉलमधल्या व्याख्यानात. सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात त्यांची हयात गेलेली. शिक्क्याशिवाय टाचणीसुद्धा त्यांनी कधी आत येऊ दिली नव्हती. कोलशेतच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मात्र कोणीही येऊन "वायफाय सांगा हो" म्हणे, आणि शालूताई चहाच्या आधी पासवर्ड देत. हा बेबंद कारभार तत्काळ थांबवण्यात आला.

देव्हाऱ्याशेजारच्या राउटरवर आता दोन वायफाय निघाले. एकाचं नाव 'घरचे', दुसऱ्याचं 'पाहुणे'. बाहेरून आलेलं यंत्र 'पाहुणे'तच जोडायचं, म्हणजे घरच्या यंत्रांवर त्याची सावलीही पडणार नाही. "यात कुणाचाही अपवाद नाही," विठ्ठलरावांनी बायकोला बजावलं.

"आणि जावई?" करंजीची कड दुमडत शालूताईंनी विचारलं.

"जावईदेखील बाहेरूनच येतो."

लेकीचा पहिला दिवाळसण होता. ऐश्वर्याला सासरी ताठ मानेनं वावरता येणार की वर्षभर टोमणे खावे लागणार, ते या एका दिवसावर ठरायचं होतं. जावई साईनाथ कोपरीहून आई हौसाबाईंना घेऊन आला. संध्याकाळी ऑफिसची मीटिंग होती, म्हणून लॅपटॉपही आला. विठ्ठलरावांनी स्वहस्ते तो 'पाहुणे'त जोडला. साईनाथची काहीच हरकत नव्हती. हौसाबाईंनी मात्र चष्मा सावरून स्क्रीन वाचला.

"व्याहीबुवा, जावयाला पाहुण्यांच्या पंगतीत बसवलंत होय? अजून परकाच का तो?"

"विहीणबाई, ही तांत्रिक बाब आहे हो."

"मानापानात कसलं आलंय तांत्रिक?"

शालूताईंनी नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढलं. "पोरीला जन्मभर ऐकवतील. द्या तो पासवर्ड!" दारात उभ्या लेकीचे भरलेले डोळे बघून विठ्ठलरावांमधला अधिकारी विरघळला. विशेष बाब म्हणून जावयाची 'घरचे'त बदली झाली.

विशेष बाब कधी एकटी येत नाही, हे कचेरीत जन्म काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं. जावई घरचा, तर जावयाची आई परकी कशी? हौसाबाईंचा फोन जोडला गेला. मग हौसाबाईंचे भाऊ जगनमामा आले. त्यांच्या लॅपटॉपवर नातवंडं काय काय खेळत देव जाणे, पण मामांचा मान जावयाच्याही वरचा. तेवढ्यात शेजारच्या रमाबाई चकल्यांचं ताट आणि टॅब घेऊन हजर. "काल आलेले घरचे, आणि इतकी वर्षं वाटीभर साखर नेणारी मी पाहुणी?" मीटिंगची वेळ होईपर्यंत झाडून सगळी मंडळी 'घरचे'त होती. 'पाहुणे' ओस पडलं होतं.

मीटिंगमध्ये साईनाथची बोलायची पाळी आली आणि त्याचा स्क्रीन लाल झाला. या वायफायवरचा एक कॉम्प्युटर व्हायरस पसरवतो आहे, असं सांगून ऑफिसच्या लॅपटॉपनं स्वतःच संबंध तोडले.

सगळ्यांनी जगनमामांकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघता? ह्यांचा टॅब तपासा!" मामा कडाडले. रमाबाईंनी चकल्यांचं ताट परत उचललं. दिवाळसणाचा शिमगा व्हायला आला. साईनाथनं फोनच्या नेटवर मीटिंग कशीबशी उरकली आणि एकेक यंत्र तपासायला घेतलं. शेवटी त्यानं घसा खाकरला.

"बाबा, हे तुमच्याच कॉम्प्युटरमधून येतंय. हे 'गृहकवच' काय टाकलंत?"

"सुरक्षेसाठी! व्याख्यानानंतर ग्रुपवर आलेलं. मोफत."

"तोच व्हायरस आहे. मी 'पाहुणे'मध्ये राहिलो असतो ना, तर वाचलो असतो."

धरणीनं पोटात घ्यावं असं विठ्ठलरावांना झालं. पाहुण्यांपासून घर वाचवायला निघाले होते, आणि पाहुण्यांनाच घरापासून वाचवायची पाळी आली होती. लेकीकडे बघायचं धाडस त्यांना होईना.

हौसाबाईंना मात्र हसू आवरेना. "सूनबाई, तुझ्या बाबांना 'पाहुणे'त बसव गं. आणि आग्रहानं वाढ!" ऐश्वर्याही खळखळून हसली. विठ्ठलरावांना तेवढं पुरलं.

'गृहकवच' पुसून टाकण्यात आलं. एक किरकोळ बाब तेवढी राहिली. ते मिळाल्याबरोबर विठ्ठलरावांनी जनहितार्थ समस्त नातेवाइकांना पाठवलं होतं, आणि नातेवाइकांनी आपापल्या ग्रुपवर. तुमच्याही फोनमध्ये शुभेच्छांच्या पणत्यांखाली कुठेतरी असेल. वडीलधाऱ्या माणसाकडून आलेलं, त्यात मोफत. तुम्ही ते उघडून पुढे पाठवलंही असेल.