लोकनाथ दाहालांची खुकरी

भोजपूरच्या जमीन नोंदणी कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी करून लोकनाथ दाहाल निवृत्त झाले, तोवर त्यांच्या हाताने पेन आणि शिक्का सोडून दुसरं हत्यार धरलं नव्हतं. घरात खुकरी होती, पण ती बायकोची. तुलसा लाकूड फोडी, आणि लोकनाथ पायरीवर बसून रास कशी रचावी ते सांगत. (हे त्यांना कुणी विचारलेलं नसे.)

त्या दसैंला, म्हणजे दसऱ्याच्या सणात, तुलसा शेणावरून घसरली आणि तिचा उजवा खांदा धरला. हात वर जाईना. तिची खुकरीही धार लावून लावून इतकी झिजली होती, की मुळा चिरण्यापलीकडे तिचा उपयोग उरला नव्हता. त्यातच लेकीचा, अनुपाचा, निरोप आला. जावई कतारला, सासू अंथरुणाला खिळलेली. बाळंतपण आरोग्य चौकीत होईल, पण नंतर ती माहेरी येणार. पूसची, म्हणजे ऐन पौषातली थंडी. बाळंतिणीला शेकायला महिनाभर आग लागणार होती आणि पडवीत जेमतेम आठ दिवसांचं लाकूड होतं. शिवाय रस्त्यापासून घरापर्यंतची वाट रानमोडीने अशी भरली होती, की डोली राहू दे, एकट्या माणसालाही अंग चोरून चालावं लागे.

"गडी बघू का?" तुलसाने विचारलं.

"मी आहे ना," लोकनाथ म्हणाले.

तुलसाने नुसतं त्यांच्या हातांकडे पाहिलं, आणि तेवढं पुरलं. लोकनाथ त्याच दुपारी जसबीर लोहाराच्या भात्यासमोर जाऊन उभे राहिले.

"जसबीर दाजू, एक खुकरी हवी. फार महाग नको."

"काय तोडायचंय?"

"सगळंच."

"कोण तोडणार?"

"मीच. नेहमी मीच तोडतो."

जसबीर त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठा, म्हणून दाजू, थोरला भाऊ. तुलसाच्या खुकरीला वीस वर्षं तोच धार लावत आला होता. त्याने मान हलवली आणि काळपट, आखूड, पोटाशी रुंद असं एक पातं पुढे केलं. जुन्या ट्रकच्या पाट्याचं लोखंड, मूठ साध्या लाकडाची. "अठराशे. दिसायला काही नाही, पण वीस वर्षं मागे बघायला नको."

लोकनाथांनी ते हातात घेतलं. सही करायला पेन धरावं तसं.

"नाहीतर ही घ्या," जसबीर सहज म्हणाला आणि त्याहून लहान एक दाखवली. "हलकी आहे. सूनबाई नेतात गवताला."

बोलण्यात टोमणा नव्हता, पण लोकनाथांना तो लागला. "विचार करून सांगतो," म्हणून ते निघाले आणि बाजारातल्या एका दुकानातून बाराशेला हातभर लांब खुकरी घेऊन आले. आरशासारखं पातं, शिंगाची मूठ, मुठीवर सिंहाचं तोंड. तुलसाने ती उलटसुलट करून पाहिली. "सिंह छान आहे," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोकनाथांनी उत्तीसच्या झाडाचा ओंडका अंगणात मांडला, बाह्या सारल्या आणि खुकरी डोक्यावर नेली. घाव मात्र ओंडक्यावर पडला नाही. मूठ हातात राहिली आणि पातं सुटून, चकाकत, पडवीच्या कोपऱ्यात जाऊन रुतलं. तिथून खालच्या अकरा घरांना पाणी नेणारा काळा पाइप जात होता.

कारंजं छपरापर्यंत उडालं. ते थांबवायला लोकनाथांनी आधी तळहात लावला, मग टोपी, आणि शेवटी ते पाइपावर बसले. (त्याचा फायदा इतकाच झाला, की पाणी दोन्ही बाजूंनी उडू लागलं.) झऱ्याजवळची तोटी बंद होईपर्यंत पडवीतलं आठ दिवसांचं सुकं लाकूड निथळत होतं.

खालून शेजारीण पवित्रा घागर घेऊन वर आली. "दाजू, पाणी का गेलं?"

लोकनाथ चिंब भिजून उभे, हातात सिंहाची मूठ. "लाकूड फोडत होतो," ते म्हणाले.

पवित्राने अख्खा ओंडका पाहिला. मग पाइप. ती हसली नाही, आणि ते त्यांना जास्त झोंबलं.

रात्री ते जेवले नाहीत. ओल्या लाकडाचा धूर घरभर कोंडला होता. त्यात एक लहान जीव येऊन निजणार, या विचाराने त्यांना घास उतरेना. सकाळी पाइप सांधून झाल्यावर ते पुन्हा जसबीरकडे गेले आणि दोन्ही तुकडे त्याच्यासमोर ठेवले.

जसबीरने मुठीत जाणारं पात्याचं शेपूट दाखवलं. "बोटभरच आहे. आत नुसती लाख भरलीय. ही भिंतीवर टांगायची."

"दाजू," लोकनाथ खाली बघत म्हणाले, "मी परवा खोटं बोललो. आयुष्यात एक काटकी तोडलेली नाही. तुलसाच तोडायची."

"ठाऊक आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"गिऱ्हाइकाला खोटं पाडू कसं?" जसबीरने तीच काळी, आखूड खुकरी त्यांच्या हातात दिली आणि बाहेरच्या ओंडक्यापाशी नेलं. "मूठ आवळू नका. पात्याच्या वजनालाच पडू द्या. मनगट सैल. पाय लांब ठेवा, ते पुन्हा मिळत नाहीत."

नवव्या घावाला ढलपी उडाली. लोकनाथांनी ती उचलून खिशात घातली.

पुढचे सतरा दिवस ते तोडतच राहिले. आधी वाट, मग लाकूड. फोड आले, फुटले, पुन्हा आले. तुलसा डाव्या हाताने हळद लावी. "फार पुढे वाकता," एके दिवशी ती म्हणाली, आणि तिथून पायरीवर बसून सल्ला देण्याचं काम तिच्याकडे गेलं. लोकनाथांच्या तेव्हा लक्षात आलं, की इतकी वर्षं तिने ते किती सोसलं होतं.

पूस लागला आणि अनुपा चौघांच्या डोलीतून आली, आणि डोलीला कुठे एक फांदी लागली नाही. लाकूड तोवर सुकलं होतं; घरात आग लख्ख होती, धूर नव्हता. तिने मुलगी आजोबांच्या हातात दिली. लोकनाथांनी आयुष्यात पहिल्यांदाच घट्टे पडलेल्या आपल्या तळहातांवर तिला अलगद घेतलं.

मुलीने डोळे मिटूनच असा टाहो फोडला, की खालून पवित्रा धावत वर आली.

"टोचतंय तिला," तुलसाने बाळ काढून घेतलं. "हात आहेत की कानस. जा, महिनाभर तेल चोळा, मग बघू. आणि जातच आहात तर येताना चार लाकडं घेऊन या."